बाबांच्या क्लासातलं माझं डिस्को

आमच्या घरात शांतता म्हणजे कुणीतरी आजारी आहे असं समजायचं. नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर, समोरच्या लांबोळक्या खोलीत बाबांचा टायपिंगचा क्लास आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मध्ये फक्त एक पडदा. सकाळची पहिली बॅच बसली की भिंतीतून, फरशीतून, अगदी माठातल्या पाण्यातूनसुद्धा मशीनांचा खडखडाट यायचा, आणि संध्याकाळचा शेवटचा विद्यार्थी जिना उतरेपर्यंत तो थांबायचा नाही. बाबा टेबलाशी उभे राहून लाकडी पट्टी आपटायचे. ठक, ठक, ठक, ठक. एका ठोक्याला एक अक्षर. बटणांवर फडकं झाकलेलं, नजर समोरच्या भिंतीवर. ओळ संपत आली की टिंग, मग कॅरेज मागे ढकलल्याचा खर्रर, आणि पुन्हा ठक. पडद्यामागे आई त्याच ठोक्यावर कांदा चिरायची, कणीक तिंबायची, सांबारवडीचं कोथिंबिरीचं सारण परतायची. रविवारी क्लास बंद असला की तिचा कांदा जाडाभरडा यायचा. घर कसं मेल्यासारखं लागते, असं ती म्हणायची आणि बाबा पेपरातून डोकं न काढता हसायचे.

मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो, आणि तिसऱ्यांदा बसण्याची तयारी जोरात चालू होती. मला येत होतं ते एवढंच, की माझी बोटं फार वेगानं चालत. बाबांनी लहानपणापासून मशीनवर बसवल्याचा तो परिणाम. त्यांना वाटायचं, पोरगा कोर्टात नाहीतर कलेक्टर कचेरीत लागेल. पोरगा लागला बेंजोच्या नादाला. वर टायपरायटरसारखी बटणं आणि आत तारा, असं ते वाद्य, जत्रेत घेतलेलं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. त्या दिवसांत डिस्को शहरात शिरलं होतं. गणपतीच्या मांडवातून, पानठेल्यावरच्या टेपमधून, वरातीतून, सगळीकडून ते धाडधाड यायचं, आणि आम्ही पोरं डोळे अर्धे मिटून आपापल्या मनात परदेशात असायचो. मी आईच्या जुन्या शालूची जर उसवून शर्टाच्या कॉलरला शिवली होती. गल्लीतल्या बाया मला पाहून पदर तोंडाला लावायच्या. मला वाटायचं, लाजतात. आता माझी नात त्या वेळचा फोटो पाहून कशी लोळून हसते ते बघितलं की त्या बायांच्या पदराआड काय होतं ते कळतं.

शब्बीर माझा दोस्त. त्याचं घर पलीकडच्या गल्लीत, बापाचं सायकलचं दुकान, आणि हा दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीत ताशा वाजवायचा. तिथं सूर, पट्टी असलं काही नसतं. समोर नाचणाऱ्याचा पाय बघायचा आणि तो पडायच्या आत काठी पाडायची. मिरवणूक जिथं रेंगाळेल तिथं वाजवणंही रेंगाळायचं, जिथं उसळेल तिथं उसळायचं. काल वाजवलेलं आज वाजवायचं नाही. डिस्को आणि हे एकत्र केलं तर काय होईल, असा विचार आमच्या डोक्यात आला. म्हणजे माझ्या डोक्यात. शब्बीरला विचार करायची सवय नव्हती आणि त्यामुळे त्याच्या हातून कधी कुणाचं वाटोळंही झालं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं, म्हणून ते पारशिवनीला आत्याकडे गेले. क्लास बंद ठेवणं शक्य नव्हतं, परीक्षा तोंडावर होती. सकाळच्या बॅचा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे दिल्या आणि संध्याकाळची माझ्याकडे. एसटीत बसता बसता बाबांनी मला दोन गोष्टी बजावल्या. शेवटच्या पंधरवड्यात पट्टी वाजवणं बंद करायचं, मुलांना बिनठोक्याचं टाइप करू द्यायचं, आणि, "तू फक्त पट्टी वाजव. डोकं वापरू नको."

डोकं मी तिसऱ्या दिवशी वापरलं. नागपूरचा मे महिना, खिडकीत कूलर घरघरत होता, खसाचा ओला वास, आणि मी ठक ठक करून कंटाळलो होतो. कूलरच्या घरघरीत एक सूर आहे हे माझ्या लक्षात आलं. मी आत जाऊन बेंजो आणला आणि तारा त्या सुराला लावल्या. टेलिफोनच्या फुटक्या रिसीव्हरमधला माईक आत बसवून त्याची वायर बाबांच्या रेडिओला जोडली. पट्टीच्या जागी बेंजोचा ठोका धरला. मग खोलीच्या डाव्या बाजूला सांगितलं, तुम्ही ठोक्यावर टाइप करा. उजव्या बाजूला सांगितलं, तुम्ही दोन ठोक्यांच्या मध्ये. जागा सोडायच्या लांब दांडीचा धप्पकन आवाज येतो, तो खालच्या नगाऱ्यासारखा लागला. कॅरेजचा खर्रर तर कुठल्याही रेकॉर्डवर ऐकला नव्हता इतका झकास. दुसऱ्या दिवशी शब्बीर ताशा घेऊन कोपऱ्यात बसला. विद्यार्थी प्रॅक्टिसचा उताराच टाइप करत होते, 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' वगैरे, पण जिन्याखालून ऐकणाऱ्याला वाटावं की वर मोठा ऑर्केस्ट्रा आलाय.

आणि आम्ही तेच ते वाजवलं नाही, याचा मला फार अभिमान होता. आज संथ, उद्या पळतं; मधेच मी चाल सोडून एकच बटण दाबून बसायचो आणि शब्बीर त्याभोवती घिरट्या घालायचा. माझा खास शोध म्हणजे थांबा. ऐन रंगात आलं की मी हात वर करायचो आणि सगळी खोली जागच्या जागी थांबायची. बोटं बटणांवर हवेत. फक्त कूलर. किती वेळ थांबायचं ते मलाही ठाऊक नसायचं. मग मी तार टिंग करायचो आणि सगळं पुन्हा एकदम कोसळायचं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा जिन्यात उभा असलेला कुणीतरी शिट्टी वाजवून गेला. आठवडाभरात जिना भरून पोरं उभी राहू लागली. सक्करदऱ्याहून एक टेलर यायचा, स्वतः शिवलेली पायघोळ पँट घालून. गणेश मंडळाची नाचणारी पोरं यायची. मंडळाच्या टेपवर गाणं कुठं संपतं ते त्यांना पाठ झालं होतं, आमचं कुठं वळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यासाठीच ती यायची. थांब्याला ती एक पाय उचलून उभी राहायची, घामाघूम, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते मी नंतर देवळात पाहिलंय. ती गॅलरीत नाचायची, गॅलरी हलायची, खालचा पोहेवाला खालून ओरडायचा आणि मग तर्रीची किटली घेऊन स्वतःच वर यायचा.

आई सुरुवातीला पडद्यातून डोकावून म्हणाली होती, "काहून रे, त्याईले टायपिंग शिकवून राहिला का नाच?" मी तिला स्पीडच्या नोंदी दाखवल्या. स्पीड खरोखर वाढला होता. मग ती जिन्यातल्या पोरांसाठी पन्हं करू लागली. एकदा मी थांबा घेतला आणि आतून करपल्याचा वास आला. आईचा झारा फोडणीवर हवेत थांबला होता, मोहरी जळून कोळसा. ती माझ्या टिंगची वाट पाहत होती. मी आठवडाभर हा किस्सा लोकांना सांगत होतो, माझं संगीत किती भारी आहे याचा पुरावा म्हणून.

देविदासभाऊंबद्दल आता लिहावंच लागेल. कुहीचे. धानाची शेती, तीन भाऊ. वाटणीत यांनी आपला हिस्सा भावांना कसायला सोडला होता, कारण एका कचेरीत टेम्पररी क्लार्क म्हणून लागले होते. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा टायपिंगची परीक्षा पास झालात तर कायम करतो, नाही झालात तर जागा दुसऱ्याला. आणि पुढच्या वर्षी वयही निघून जात होतं. ते कचेरी सुटल्यावर क्लासला यायचे आणि शेवटच्या बसनं कुहीला जायचे. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, तरी मला मास्तर म्हणायचे. हात नांगराचे. बोट बटणावर पडलं की शेजारची दोन बटणं घेऊनच वर यायचं. बाबांनी त्यांच्यावर वर्षभर मेहनत घेतली होती.

एका संध्याकाळी त्यांच्या मशीनची रिबन अडकली. मी ती सोडवत होतो, शब्बीर आणि बाकीची बॅच चालूच होती, आणि देविदासभाऊ रिकामे उभे. आधी त्यांचा गुडघा हलला. मग खांदा. मग त्यांनी एक पाय असा उचलला, जसा धानाच्या रोवणीच्या चिखलातून काढतात, ओढून, हळूच, आणि सुटल्यावर झटकन. आणि दुसरा रुतवला. चेहरा अगदी कचेरीतला, गंभीर. गॅलरीतली पोरं नाचायची थांबली. टेलर पुढं येऊन त्यांच्या पायांकडे वाकून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सगळा जिना चिखलातून पाय काढत होता. आजही मारबतीच्या मिरवणुकीत, गाडीवर बेंजो आणि ढोल लावून धुमाल चाललेलं असतं, त्याच्यापुढं नाचणाऱ्या गर्दीत मला एखादा पोरगा तसा पाय काढताना दिसतो. कुही कुठल्या रस्त्याला लागते हेही त्याला माहीत नसावं.

त्यानंतर ते रोज तास संपला की बस होईपर्यंत गॅलरीत नाचायचे. त्यांचा स्पीड असा चढला की मी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे की नाही. मी विचारलं, हे कसं काय. ते म्हणाले, "मास्तर, आधी मी ठोका ऐकून मारत होतो. आता ऐका नाही लागत. अंगातच चालू राहते." मला वाटलं, माझी स्तुती करताहेत.

शेवटचा पंधरवडा आला. पट्टी बंद ठेवायची, असं बाबा म्हणाले होते. पण जिना भरलेला, टेलरनं आपल्या मित्रांना आणलेलं. कुणाला म्हणणार, आजपासून शांतता? शब्बीरसुद्धा एकदा म्हणाला, "अबे, इनको एक बार बिना बाजे के बिठा के तो देख." मी त्याला म्हणालो, तू ताशा सांभाळ.

परीक्षेला आपापल्या क्लासची मशीनं न्यायची पद्धत होती. सायकलरिक्षांवर मशीनं बांधून आम्ही एका शाळेच्या हॉलवर गेलो. मी ती जरीची कॉलर घातली होती; कशासाठी, ते मला आजही विचारू नका. मशीन बिघडलं तर दुरुस्तीसाठी क्लासचा एक माणूस बाहेर व्हरांड्यात थांबत असे. मी आमच्या रांगेच्या खिडकीशी उभा राहिलो. घंटा झाली. सगळा हॉल सुरू झाला, आणि आमची रांग इतरांहून वेगळी ऐकू येत होती. डावी बाजू ठोक्यावर, उजवी मध्ये, टेबलाखाली पाय हलताहेत. मी गजांना धरून मान डोलावत होतो. बाकीच्या क्लासांचे लोक माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडत होतं.

मग ते झालं. ऐन रंगात आलं, जिथं मी रोज हात वर करायचो त्या सुमाराला, रांगेतली पहिली मुलगी थांबली. मग तिच्या मागचा. मग एकेक करून सगळे. बोटं बटणांवर हवेत. आजूबाजूला दुसऱ्या क्लासांची मशीनं पावसासारखी चालू, आणि आमची पोरं भिंतीकडे बघत वाट पाहताहेत. एकानं मान वळवून खिडकीकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच. मी त्यांना शिकवलेलं किती पक्कं शिकवलं होतं, ते माझ्यासमोर बसलं होतं.

एकटे देविदासभाऊ थांबले नव्हते. माझ्याकडे त्यांची पाठ होती. उजवा खांदा बारीक हलत होता, टाच चिखलातून निघत होती, आणि मशीन एकसारखं चाललं होतं. टिंग. खर्रर. पुन्हा. एकाही ठोक्याची त्यांना गरज नव्हती. हे मी स्पष्ट पाहिलं. आणि मला काय वाटलं ते सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय या प्रकरणाला काही अर्थ नाही: मला राग आला. सगळे माझ्यासाठी थांबलेत आणि हा माणूस थांबत नाही, म्हणून. मी खिशातली किल्ली काढली आणि खिडकीच्या गजावर जोरात मारली. टिंग.

रांग पुन्हा धाडकन सुरू झाली. कसली सुरू झाली. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा मारली. तोवर सुपरवायझर बाई माझ्यासमोर होत्या. त्यांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग कॉलरकडे. बाहेरून खुणा करून मदत, असा शेरा पडला आणि तो पूर्ण रांगेवर पडला. मी त्यांना समजावू लागलो की ही खूण नाही, हे डिस्को आहे. यापेक्षा वाईट वाक्य त्या व्हरांड्यात कुणी बोललं नसेल. त्यांनी आमच्या सगळ्यांचे कागद मशीनमधून ओढून घेतले. देविदासभाऊंचा कागद जवळजवळ भरत आला होता. तो निघताना जो आवाज आला, तो मी कुठल्याच चालीत बसवू शकलेलो नाही.

बाबा पारशिवनीहून टाक्यांवर हात ठेवून आले. हात जोडून परीक्षेच्या ऑफिसात गेले, दोनदा. उपयोग झाला नाही. घरी आल्यावर ते थेट क्लासात जाऊन एकेक मशीन पुसत बसले. बाकीच्यांचं निभावलं, ती पोरं लहान होती, पुढच्या खेपेला बाबांनी त्यांना पुन्हा बसवलं. देविदासभाऊंची जागा दुसऱ्याला गेली.

काही दिवसांनी ते आपली उशी न्यायला आले, स्टुलावर घ्यायची. मी जिन्यातच होतो, पळून जायला उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी खिडकीत होते नं? मले पाह्यलं?"

पाहिलं, म्हणालो.

"मी थांबलो नव्हतो."

नव्हतात, म्हणालो.

"घरी कोणी मानून नाही राहिलं. माहा बाबा म्हणते, तूही त्याईच्यातलाच, नकला करून पकडला गेला. गावात तोंड दाखवाले जागा नाही. तुमी एकडाव येऊन सांगसान का?"

मी गेलो. माझ्या हातून झालेल्या चांगल्या गोष्टींत हीच एक मोजण्यासारखी होती, तिचं मी काय केलं ते पाहा. त्यांच्या अंगणात खाटेवर म्हातारा बाप बसलेला, दोन्ही भाऊ उभे, दारात बाया. मी सांगितलं की यांनी काही नक्कल केली नाही, हे एकटेच शेवटपर्यंत चालले होते, हे पास झाले असते. देविदासभाऊ खाली मान घालून ऐकत होते. पण त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं दिसत होतं. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं सुपारी कातरता कातरता शांतपणे विचारलं, "मंग मास्तर, आमचा बरोबर चालला होता, तं तुमी वाजवलं काहून?"

उत्तर माझ्याकडे होतं. एका वाक्याचं होतं. मी म्हणालो, "बाकीची लेकरं अडकली होती, बाबा. त्यांच्यासाठी जीव तुटला."

म्हाताऱ्यानं सुपारी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्याच्या लेकरांसाठी असं वाटणारा माणूस आजकाल कुठं भेटते, असं भावांना म्हणाला, आणि सुनेला आतून चिन्नोर तांदूळ आणायला सांगितलं. पिशवीभर. मी नको नको म्हणालो, जितकं म्हणायची पद्धत असते तितकं. देविदासभाऊंनी ती पिशवी बसपर्यंत स्वतः उचलली. वाटेत ते माझ्याकडे एकदाही वळले नाहीत. बस आल्यावर पिशवी माझ्या मांडीवर ठेवत एवढंच म्हणाले, "चांगलं बोलले, मास्तर." खिडकीत त्यांनी मला पाहिलं नव्हतं, पाठ होती त्यांची, पण माझा थांबा कसा असतो आणि टिंग कशासाठी असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणाला आईनं तो तांदूळ केला. वास जिन्यापर्यंत गेला. बाबांनी पहिला घास घेतल्यावर विचारलं, कुठला, मी सांगितलं. कशासाठी दिला, म्हणाले. तेही सांगितलं, तिथं काय बोललो आणि खरं काय होतं, शब्दाला शब्द, कारण बाबांच्या समोर मला कधी खोटं बोलता आलं नाही. बाबांनी ताटातच हात धुतला आणि उठून क्लासात गेले. आई पातेल्यावर झाकण ठेवून तशीच बसली.

मी ताट संपवलं. वरण घेऊन पुन्हा थोडा वाढून घेतला. भात फार सुंदर झाला होता.